वाकलेली मोटार

मोटार वाकली असे कोणी सांगितले की आपल्या डोळ्यांपुढे अपघात उभा राहतो. चेपलेले बॉनेट, फुटलेल्या काचा आणि भोवती जमलेली गर्दी. मी आज ज्या मोटारीविषयी बोलणार आहे ती मात्र कधी रस्त्यावर आलीच नव्हती. तिला चाके बसलेली नव्हती, रंग लागलेला नव्हता आणि तिची लांबी होती अवघी सोळा सेंटिमीटर. तरीही ती वाकलेली होती. आणि ती सरळ करताना मला जे शिकावे लागले तेच आज आपणांस सांगावे असा माझा विचार आहे.

लहान प्रमाणातील मोटारी तयार करण्याचा छंद मला गेली बावीस वर्षे आहे. नोकरीत असताना त्याला रविवारची दुपार मिळे. निवृत्त झाल्यापासून सगळेच वार रविवारसारखे झाले आहेत. घरातील मंडळींनी प्रारंभी या छंदाला पोरखेळ म्हटले, पुढे खूळ म्हटले, आणि आता ती त्याला काहीच म्हणत नाहीत. मात्र स्वयंपाकघरातील एखादा चिमटा किंवा पातेले नाहीसे झाले, तर ते कोठे सापडेल हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

बाजारात अशा मोटारींचे जे संच मिळतात ते बहुधा पॉलिस्टायरिन नावाच्या प्लास्टिकचे असतात. त्यासाठी पोलादाचा साचा कोरावा लागतो आणि वितळलेले प्लास्टिक मोठ्या दाबाने त्यात भरावे लागते. असा साचा फार महाग पडतो. म्हणून ज्या मोटारींना हजारो गिऱ्हाइके मिळण्याची खात्री आहे, त्याच मोटारी मोठे कारखाने करतात. उरलेल्या मोटारींच्या वाट्याला रेझिन येते. एखादा कारागीर मूळ नमुना हाताने घडवितो, त्यावर सिलिकोन रबर ओतून साचा घेतो, आणि त्या मऊ साच्यात दोन द्रव मिसळून ओततो. या द्रवांची आपसात प्रक्रिया होते, मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि थोड्याच वेळात घट्ट होते. हेच पॉलियुरेथेन. जर्मनीतील ऑटो बायर यांनी १९३७ साली या पदार्थाचा शोध लावला. आपल्या गादीतील फोम आणि बुटाचा तळवा हे याच कुळातले. एका रबरी साच्यातून काही डझन प्रती निघतात. मग रबर फाटू लागते आणि नवा साचा घ्यावा लागतो. एवढ्या थोड्या प्रतींसाठी का होईना, कोणीतरी आपली आवडती मोटार घडविली, हीच मला रेझिनची थोरवी वाटते.

आता या गोष्टीतील दुसऱ्या व्यक्तीची ओळख करून देतो. बेळगावात आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना मिस्त्री काका म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणेन. बेळगाव हे ओतकामाचे गाव. उद्यमबागेतील एका फौंड्रीत काकांनी सारी हयात पॅटर्नमेकर म्हणून काढली. लोखंडाचा भाग ओतण्यापूर्वी वाळूत त्याचा ठसा उठविण्यासाठी जो लाकडी नमुना लागतो, तो घडविणारा तो पॅटर्नमेकर. काका आता चौऱ्यांशी वर्षांचे आहेत. गेल्या सहा-सात वर्षांत काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू काढून घेतली. उजेड आणि अंधार एवढाच भेद आता त्यांना कळतो. परंतु त्यांची बोटे शाबूत आहेत. आणि ज्या बोटांनी चाळीस वर्षे सागवानावरून हात फिरवून चढउतार ओळखले, त्या बोटांना फसविणे सोपे नाही.

काकांजवळ एके काळी फियाट होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डी निघू लागली, आणि १९७४ पासून हीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईकरांनी तिला काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या वेशात पाहिले. त्या टॅक्सींपैकी शेवटच्या गाड्याही २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाल्या. काकांची गाडी फिकट निळी होती. १९८१ साली त्यांनी ती जुनी म्हणून विकत घेतली आणि अठरा वर्षे वापरली. चोर्ला घाटातून तिने त्यांना कितीदा गोव्याला नेले याची मोजदाद नाही. ती विकली त्या दिवशी काका जेवले नव्हते, असे काकू सांगत.

गेल्या वर्षी बोलता बोलता मी म्हणालो, "काका, तुमची फियाट करून देऊ का? छोटी. हातात धरता येईल अशी." काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कर की. पण नीट कर. मला दिसत न्हाई म्हणून कसली पण चालतंय असं समजू नको."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. आजवर माझ्या मोटारी लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. डोळा दयाळू असतो. चकचकीत रंग दिसला की तो बाकीचे सोडून देतो. ही मोटार मात्र बोटांपुढे उभी राहणार होती.

या गाडीचा पॉलिस्टायरिनचा संच मला कोठे मिळाला नाही. परदेशातील एक छोटा कारागीर तिची रेझिनची बॉडी करतो असे कळले. मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची. पैसे पाठविले आणि सहा आठवडे वाट पाहिली. पेटी आली तेव्हा एका कोपऱ्यावर चेपलेली होती. आतील बॉडी फुटलेली नव्हती, पण ती टेबलावर ठेवताच डगमगू लागली. मागचा उजवा कोपरा वर उचललेला, आणि दारांखालच्या दोन्ही पट्ट्या मधोमध बाहेर फाकलेल्या. चोविसाव्या हिश्शात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ एक इंच. माझ्या फियाटचा एक कोपरा त्या हिशेबाने दोन इंच हवेत होता.

अशा वेळी पहिली चूक जी सर्वजण करतात तीच मी केली. जे वाकडे दिसते तेच वाकडे आहे असे धरून चाललो. दोन दिवस बॉडीकडे रागाने पाहिल्यावर सहज म्हणून तिची दिशा फिरवून ठेवली, तर डगमग निम्मी झाली. शोध घेतला तेव्हा आढळले की, आमचे जेवणाचे टेबलच मधोमध किंचित खोल गेलेले आहे. तेव्हा या कामाचा पहिला नियम असा सांगता येईल की, मोटार तपासण्यापूर्वी आपली बैठक तपासावी. त्यासाठी जाड काचेचा तुकडा उत्तम. काचेवर बॉडी ठेवावी, कागदाची पट्टी घेऊन खालच्या कडेने सर्वत्र सरकवून पाहावी, आणि जेथे ती आत शिरते तेथे पेन्सिलीने खूण करावी. मग रुंदी तीन ठिकाणी मोजावी: पुढच्या चाकांपाशी, मधोमध आणि मागच्या चाकांपाशी. असे केले की एकाच वाकण्यात किती प्रकार मिसळले आहेत ते वेगळे दिसू लागते. कोठे पीळ आहे, कोठे पट्ट्या फाकल्या आहेत, कोठे छत खाली बसले आहे, आणि कोठे काचेलगतचा एखादा खांब तेवढा कलला आहे. प्रत्येकाचा उपचार निराळा.

दुसरी चूक मात्र माझी स्वतःची, आणि तिला क्षमा नाही. उपचार ठाऊक असूनही त्या संध्याकाळी घाई झाली. पीळ थोडाच आहे, हाताने जाईल, असे म्हणून मी बॉडी दोन्ही हातांत धरली आणि उलट दिशेने पिळली. ती वळली. सोडली तेव्हा पुन्हा होती तशी झाली. दुसऱ्यांदा थोडा अधिक जोर लावला. या खेपेस काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि पुढच्या काचेचा उजवा खांब वरच्या बाजूने तुटला.

तुटलेली बॉडी घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी ती मांडीवर घेतली, सावकाश चाचपली आणि विचारले, "थंड असताना वाकवलास?" मी होय म्हणालो. काका म्हणाले, "ओतलेली वस्तू वाकडी जन्माला येत न्हाई. निवताना वाकडी होते. मग सरळ कधी करायची? परत निवताना."

त्या दिवशी काकांनी मला फौंड्रीतील अनेक गोष्टी समजावून दिल्या. लोखंडाच्या ओतीव भागात पातळ बाजू आधी निवते आणि आक्रसून घट्ट होते. जाड बाजू मागाहून निवते, आणि आक्रसताना आधीच घट्ट झालेल्या बाजूला ओढू लागते. ही ओढाताण वस्तूच्या अंगात कोंडून राहते. म्हणून पूर्वी लेथचे ओतीव बिछाने महिनोन्महिने उघड्यावर टाकून ठेवीत, आणि त्यांची ओढ शमल्यावरच त्यांवर अखेरची तासणी करीत. रेझिनमध्ये प्रकार थोडा उलटा आहे. तेथे जाड भागात प्रक्रियेची उष्णता साठते, म्हणून तो लवकर पक्का होतो. छताचे खांब, दारांखालच्या पट्ट्या असे पातळ भाग मात्र कच्चे राहतात. कारागिराने घाई करून बॉडी साच्यातून लवकर काढली आणि कशीतरी ठेवली, की ते कच्चे भाग त्याच स्थितीत पक्के होतात.

मग काकांनी खरा प्रश्न विचारला. "ही साच्यातनं कच्ची काढलीय, का वाटेत वाकलीय?" हा भेद मी आजवर कधी केला नव्हता, आणि सगळा उपचार त्यावर अवलंबून आहे. बॉडी आधी सरळ पक्की झाली असेल आणि नंतर उन्हाने किंवा दाबाने वाकली असेल, तर तिच्या अंगात मूळ आकार शिल्लक असतो. तिला नुसती ऊब मिळाली तरी ती आपण होऊन त्या आकाराकडे वळते. परंतु ती कच्चेपणी वाकून तशीच पक्की झाली असेल, तर वाकडेपणा हाच तिचा मूळ आकार. तेथे हाताने वळविण्यावाचून गत्यंतर नाही. कोणते वाकणे कोणत्या जातीचे हे डोळ्यांना दिसत नाही. ते ऊब दिल्यावरच कळते.

येथे थोडे विषयांतर करतो. लहान मोटारींच्या जगात वाकण्याचे दुखणे जुने आहे, आणि ते प्रत्येक वेळी असे साध्य नसते. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९४८ साली एएमटी नावाची कंपनी निघाली. मोटारविक्रेत्यांनी गिऱ्हाइकांना नव्या गाडीचा नमुना दाखवावा म्हणून ही कंपनी तिच्या लहान प्रतिकृती करून देई. त्या प्रारंभीच्या काळात बॉडीसाठी सेल्युलोज ॲसिटेट हे प्लास्टिक वापरले जाई. त्याचे दुखणे असे की, वर्षे गेली तसतसे ते स्वतःच आक्रसत आणि वळत गेले. आज संग्राहकांच्या कपाटात १९५० च्या दशकातील अशा गाड्या असतात. त्यांची छते आणि बॉनेटे केळ्यासारखी वाकलेली दिसतात, आणि त्यांवर खात्रीचा उपाय नाही. पुढे कंपन्या पॉलिस्टायरिनकडे वळल्या त्याचे हे एक कारण. दुसरीकडे, महायुद्धापूर्वीच्या इंग्लंडमधील डिंकी खेळण्यांत जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेल्याने काही गाड्यांना तडे गेले आणि त्यांचा भुगा झाला. या दोन्ही रोगांच्या मानाने रेझिनचे वाकणे सौम्य म्हटले पाहिजे. ॲसिटेटचा मूळ पदार्थच बदलून जातो, जस्त कुजते. रेझिन मात्र केवळ चुकीच्या स्थितीत अडकलेले असते.

आता प्रत्यक्ष उपचाराकडे येतो. प्रथम बॉडी भांडी घासण्याच्या साबणाने, जुन्या दात घासण्याच्या ब्रशने स्वच्छ धुवावी. साच्यातून वस्तू सहज सुटावी म्हणून कारागीर जो तेलकट पदार्थ लावतात तो अंगावर राहिलेला असतो. तो राहिला तर पुढे रंग धरत नाही. त्यानंतर एका पसरट पातेल्यात सुमारे ५० अंश सेल्सिअस तापलेले पाणी घ्यावे आणि बॉडी त्यात काही मिनिटे बुडवून ठेवावी. एवढ्याने ती मऊ झाली नाही तर क्रमाक्रमाने ६० आणि मग ७० अंशांपर्यंत जावे. प्रत्येक रेझिन निराळे असल्यामुळे नेमका आकडा सांगता येत नाही. खालून वर जाणे हाच शहाणपणा. उकळते पाणी वापरू नये. त्यात पातळ खांब एकदम लुळे पडतात आणि नसलेली दुखणी उत्पन्न होतात. हातांत मोजे असावेत हे निराळे सांगायला नको.

आणि आता सर्वांत अवघड भाग: या वेळी काही करू नये. हात शिवशिवतात, पण थांबावे. मी थांबलो. तीन-चार मिनिटांनी बॉडी पाण्यातून अलगद काढून काचेवर ठेवली, तेव्हा मागचा उजवा कोपरा जवळजवळ खाली आला होता. तो मी दाबला नव्हता. तो आपण होऊन आला होता. पेटी ज्या कोपऱ्यावर चेपली होती तोच हा कोपरा. म्हणजे पीळ वाटेतला होता, जन्माचा नव्हता. ज्या पिळासाठी मी जोर लावून खांब मोडला, तो पीळ केवळ कोमट पाणी आणि थोडी सबुरी मागत होता. त्या क्षणी मला आनंद झाला आणि त्याहून अधिक लाज वाटली.

दारांखालच्या पट्ट्या मात्र फाकलेल्याच राहिल्या. हे वाकणे जन्माचे. त्यासाठी काकांनी सागवानाचा एक जुना ठोकळा काढून दिला. तो मी बॉडीच्या आतल्या रुंदीइतका तासला, गरम बॉडीत बसविला, बाहेरून दोन लाकडी पट्ट्या लावून रुंद रबरबँडांनी आवळले, आणि सगळे थंड पाण्यात ठेवले. बोटांनी दाबू नये, कारण मऊ रेझिनवर बोटांचे ठसे उमटतात. लाकडाची सपाट बाजू दाब सर्वत्र सारखा वाटते. रात्रभर ठेवून सकाळी सोडले. पट्ट्या सरळ होत्या. दुसऱ्या दिवशी मोजल्या तेव्हा त्या पुन्हा जवळजवळ एक मिलिमीटर बाहेर गेल्या होत्या.

मी वैतागून काकांना हे सांगितले, तर ते हसले. पॅटर्नमेकरला हे नवीन नव्हते. लोखंड निवताना आक्रसते म्हणून लाकडी नमुना शंभरास एक या प्रमाणात मोठा करावा लागतो. त्यासाठी त्यांच्याजवळ वाढीव खुणांची निराळी मोजपट्टी असे. शिवाय एखादा लांब भाग निवताना एका बाजूला वाकणार हे ठाऊक असेल, तर नमुनाच उलट बाजूला तेवढा वाकवून घडवीत. वाळूत वाकडा ओतलेला भाग निवून सरळ बाहेर येई. "जेवढं परत जाणार, तेवढं आधी पुढं जायचं," काका म्हणाले. मी ठोकळा एक मिलिमीटर अरुंद केला आणि सर्व कृती पुन्हा केली. या खेपेस पट्ट्या बाहेर सरकून जेथे थांबायला हव्या होत्या तेथेच थांबल्या. त्यानंतर आठवडाभर मी रोज सकाळी त्या मोजल्या. आकडा बदलला नाही.

एकटा खांब कललेला असेल तर सबंध बॉडी तापविण्याची गरज नसते. शेजारचे भाग ओल्या फडक्याने झाकून हेअर ड्रायरची गरम हवा दुरून त्या खांबावरच सोडावी. ज्योत, मेणबत्ती किंवा लायटर मात्र कधीही जवळ आणू नये; पॉलियुरेथेन जळाले तर त्यातून विषारी वायू निघतात.

मोडलेल्या खांबाची दुरुस्ती ही निराळी विद्या. पॉलिस्टायरिनचा नेहमीचा डिंक येथे उपयोगी नाही. तो प्लास्टिक किंचित विरघळवून सांधतो, आणि रेझिन त्यात विरघळत नाही. येथे सायनोॲक्रिलेट हवा, म्हणजे दुकानात इवल्या नळीत मिळणारा आणि बोटे चिकटविणारा तो झटपट डिंक. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर यांना १९४२ साली हा पदार्थ प्रथम आढळला, तो बंदुकीच्या निशाणासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना. जेथे लागेल तेथे चिकटतो म्हणून तेव्हा तो बाजूस टाकला गेला, आणि १९५८ साली त्याच दोषापायी डिंक म्हणून बाजारात आला. मी खांबाच्या दोन्ही टोकांत अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडले, त्यात पितळी तारेचा तुकडा बसविला आणि मग हा डिंक लावला. तारेवाचून केलेला सांधा पुढे हमखास सुटतो. फट उरली ती त्याच डिंकात खायचा सोडा घालून बुजविली. सोडा पडताच डिंक तत्काळ दगडासारखा होतो, म्हणून फार न थांबता घासून घ्यावा लागतो. रेझिनमध्ये हवेच्या बुडबुड्यांची जी बारीक छिद्रे असतात तीही अशीच भरतात. घासताना वॉटर पेपर पाण्यात भिजवून वापरावा आणि नाकातोंडावर मास्क बांधावा. रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसांना चांगली नव्हे.

एक गोष्ट मात्र उपचाराने साधत नाही, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मूळ फियाटच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २३४० मिलिमीटर. म्हणजे माझ्या मोटारीत ते साडेसत्त्याण्णव हवे. भरले सत्त्याण्णव. ही अर्ध्या मिलिमीटरची तूट वाकल्यामुळे आलेली नव्हती. रेझिन पक्के होताना जे थोडेसे आक्रसते त्याची ती होती. आक्रसलेले गरम पाण्याने वाढत नाही. बॉडी ताणून ती तूट काढू पाहणारा मनुष्य चांगल्या वस्तूचा नाश करतो. मी बॉडीला हात लावला नाही. खालची चासी पाव-पाव मिलिमीटर दोन्हीकडून आत घेतली. जे वाकले आहे ते सरळ करावे, आणि जे मुळातच तेवढे आहे ते तेवढेच मानून पुढे जावे. या दोहोंतील फरक मोजपट्टीवाचून कळत नाही.

सरळ झालेली बॉडी सरळ राहावी म्हणूनही काही करावे लागते. आतील बाजूस, दिसणार नाही अशा ठिकाणी, पॉलिस्टायरिनची एक आडवी पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवून टाकावी, म्हणजे बाजू पुन्हा फाकत नाहीत. चासी स्क्रूने आवळावी. तयार मोटार खिडकीच्या उन्हात ठेवू नये. गडद रंगाची तर मुळीच नाही, कारण तो रंग ऊन अधिक पितो. आणि एप्रिल-मेमध्ये बंद मोटारगाडीत अशी वस्तू विसरून जाऊ नये. ज्या उन्हाने एकदा वाकविले ते पुन्हा वाकवील.

फियाट पुरी व्हायला पाच महिने लागले. फिकट निळा रंग दिला, तो काकांना दिसणार नाही हे ठाऊक असूनही. कारण तो बदलला असता तर त्यांना सांगावे लागले असते. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला मी ती त्यांच्या हातांत दिली.

काका बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचा अंगठा बॉनेटवरून काचेकडे गेला, छतावरून मागे उतरला, मागील मडगार्डांच्या उभट कडांवर थांबला. दारांखालच्या पट्ट्यांवरून त्यांनी तर्जनी दोनदा फिरविली. मग बोट पुन्हा पुढे आले आणि काचेच्या उजव्या खांबावर स्थिरावले. तीन थर रंग आणि त्याखाली प्रायमर होते. माझ्या डोळ्यांना तेथे काही दिसत नव्हते.

"इथं मोडली होती," काका म्हणाले.

"होय काका."

"बरी बसवलास."

मग त्यांनी दाराच्या फटीत नख घालून ते उघडून पाहिले. दार हलले नाही. मी म्हणालो, "काका, दारे उघडत नाहीत. बॉडी अखंड ओतलेली आहे." काकांनी क्षणभर विचार केला आणि अगदी गंभीरपणे विचारले, "मग आत बसायचं कसं?"

काकू गेल्यापासून त्या घरात हसण्याचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता. त्या दिवशी आम्ही दोघेही हसलो. नंतर काका स्वतः उठले, भिंतीला हात लावत फळीपर्यंत गेले आणि मोटार खिडकीपासून दूर, सावलीच्या बाजूला ठेवून आले. ते मी त्यांना सांगितले नव्हते.

ती मोटार आजही तेथेच आहे. गेल्या आठवड्यात मी काचेचा तुकडा घेऊन गेलो होतो. चारही चाके टेकलेली आहेत.